चाकणचा ईशान्य बुरुज

चाकण म्हटले की आज डोळ्यांपुढे येतात ते कारखाने, कंटेनर आणि तळेगाव चौकातली कोंडी. जुन्या पिढीला कांदा-बटाट्याचा बाजार आठवतो. या सगळ्याच्या मधोमध, गावाच्या पोटात, एक भुईकोट उभा आहे. त्याचे नाव संग्रामदुर्ग. पहिल्या पाळीच्या बसगाड्या निघतात तिथून तो दूर नाही, तरी मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून पोटासाठी आलेल्या हजारो कामगारांना तो असल्याचीही खबर नसते. राज्य पुरातत्त्व विभागाने गेल्या दशकात या किल्ल्याची डागडुजी टप्प्याटप्प्याने हाती घेतली. पडक्या तटावर नव्या दगडांचे थर चढले, काही बुरुज सावरले गेले आणि बाकीचे काम राहिले ते राहिलेच. तेव्हापासून गावात, वर्तमानपत्रांत आणि दुर्गप्रेमींच्या सभांत एकच प्रश्न विचारला जातो: संग्रामदुर्गाचे काम पुरे कधी होणार? प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण ‘पुरे’ म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवे. तटात मुरणारे पाणी थांबवणे, सांध्यांत शिरलेली पिंपळाची मुळे काढणे, खंदक उपसणे, हद्द आखून अतिक्रमणे रोखणे, प्रत्येक दगडाचे मोजमाप घेणे ही कामे अपुरी आहेत आणि ती आजच पुरी व्हायला हवीत. किल्ला पूर्वी कसा दिसत असेल याची कल्पना करून तो तसा बांधून काढणे मात्र कधीच पुरे होऊ नये, असे माझे ठाम मत आहे. आणि हे कुठल्याही किल्ल्यापेक्षा चाकणला अधिक लागू पडते, कारण चाकणचा सगळा इतिहास एका उडवलेल्या बुरुजाभोवती फिरतो.

१६६० सालच्या उन्हाळ्यात मोगल सरदार शायिस्ताखान पुण्यात येऊन बसला होता आणि शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. पावसाळा तोंडावर आला. पुण्याच्या उत्तरेला नगर-जुन्नरच्या वाटेवर असलेले चाकण हाती असले तर रसदेची वाट मोकळी राहते, म्हणून खानाने जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुणे सोडले आणि किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार होता फिरंगोजी नरसाळा. हाताशी थोडे लोक, भोवती सपाट माळ, पाठीशी ना डोंगर ना जंगल. डोंगरी किल्ल्याला निसर्ग निम्मा लढून देतो. भुईकोटाला तट, खंदक आणि माणसे एवढ्यावरच भागवावे लागते. मोगलांनी मोर्चे बांधले, चौथरे उभारून त्यांवर तोफा चढवल्या, पावसाच्या चिखलात तटाकडे खणत राहिले, तरी किल्ला हलेना. तेव्हा मोर्चातून ईशान्येच्या कोपऱ्यातल्या बुरुजाखाली भुयार खोदले गेले. दीड महिन्याहून अधिक काळ ते काम चालले होते. जमिनीखाली काळोखात मोगलांची माणसे माती उकरत होती आणि त्यांच्या डोक्यावर, बुरुजावर, मराठे पहारा देत होते.

१४ ऑगस्टला दुपारी सुरुंग उडाला. बुरुज आणि त्यावरचे लोक आकाशात फेकले गेले. मोगल धावले आणि थबकले, कारण पडलेल्या बुरुजामागे आतल्या लोकांनी मातीचा बांध घालून ठेवला होता. त्या बांधाआडून बाण, बंदुका, दारूचे गोळे आणि दगड यांचा मारा झाला. मोगलांना ती रात्र तिथेच, जखमींच्या सोबतीने काढावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा हल्ला केला आणि किल्ला घेतला. उरलेले मराठे आतल्या गढीत गेले आणि भाऊसिंग हाडा या मोगल सरदाराच्या मध्यस्थीने शरण आले. पंचावन्न-छप्पन्न दिवसांच्या या वेढ्यात मोगलांची २६८ माणसे मेली आणि ६०० जखमी झाली, असा आकडा जदुनाथ सरकारांनी दिला आहे. फिरंगोजीने मोगलांची चाकरी नाकारली. खानाने किल्ल्याचे नाव इस्लामाबाद ठेवले. एका छोट्या भुईकोटाने बादशहाच्या मामाला जवळपास दोन महिने अडकवून ठेवले, हा या कथेचा अर्थ. सह्याद्रीतले डोंगरी किल्ले घ्यायचे तर किती वर्षे लागतील याचा हिशेब मोगलांच्या छावणीत त्यानंतर झाला नसेल, असे मानणे कठीण आहे.

हे सगळे इतक्या तपशिलाने सांगायचे कारण एकच. चाकणला जे घडले ते शाबूत तटावर घडले नाही, फुटलेल्या तटावर घडले. भुयार कुठून निघाले, स्फोटाने किती तट गेला, आतला बांध कुठे होता, तो नुसत्या मातीचा होता की त्यात दगडही होते, या प्रश्नांची उत्तरे कागदांत तुटक आहेत. उरली असतील तर ती त्या ईशान्य कोपऱ्याच्या जमिनीत आहेत. तिथे पाया घेऊन, काँक्रीट ओतून, वर नवा गोल घाटदार बुरुज उभारला तर देखणे चित्र मिळेल आणि पुरावा कायमचा गाडला जाईल. शिवाय तो बुरुज कुठल्या दिवसाचा असेल? जूनमधल्या वेढ्याच्या पहिल्या दिवसाचा, की ऑगस्टच्या अखेरीस मोगलांनी डागडुजी केल्यानंतरचा? चाकण बहमनी काळातही महत्त्वाचे ठाणे होते. पंधराव्या शतकाच्या मध्यास मलिक-उत्-तुज्जारने इथे तळ ठोकून कोकणची मोहीम काढली आणि ती त्याच्या जिवावर बेतली. पुढे निजामशाही, मालोजीराजांची जहागीर, शहाजीराजे, शिवाजी महाराज, मोगल, पेशवाई असे थर चढत गेले, आणि १८१८ च्या फेब्रुवारीत कर्नल डीकनने किल्ला घेतला. जुन्या गॅझेटिअरमध्ये चौकोनी आकार, कोपऱ्यांवर बुरुज, सुमारे तीस फूट खोल खंदक आणि पूर्वेला एकापुढे एक पाच-सहा दरवाजे असे वर्णन आहे. वर्णन चांगले आहे, पण त्यावरून बुरुज बांधता येत नाही. उंची किती, जंग्या किती आणि कुठल्या कोनात, चर्या कशा, विटांचे काम कुठे सुरू होते, यातले काही त्यात नाही.

हे चाकणकराला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही. इथल्या कुठल्याही कारखान्यात ड्रॉइंगशिवाय एक नट तयार होत नाही. ड्रॉइंगवर माप नसेल तर मशिनवरचा माणूस अंदाजाने ते धरत नाही, पार्ट थांबवतो आणि विचारतो. तीच शिस्त गावातल्या सर्वांत जुन्या वास्तूला लावायला काय हरकत आहे?

या शिस्तीने काय मिळते याचे जवळचे आणि फार मोठे उदाहरण गोव्यात आहे. जुन्या गोव्यातल्या मॉन्ते सांतो टेकडीवर ऑगस्टिनियन साधूंचा मठ आणि त्यांचे चर्च होते. चर्चचे काम सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन १६०२ मध्ये पुरे झाले. पोर्तुगाल सरकारने १८३४ मध्ये धार्मिक संघ बरखास्त केले आणि १८३५ मध्ये गोव्यातले मठ ओस पडले. गोव्यातल्या या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भागातला एक मोठा हिस्सा पडला आणि चार मनोऱ्यांपैकी एकाचा अर्धा भाग तेवढा राहिला. जांभ्या दगडाचा, सुमारे ४६ मीटर उंचीचा तो मनोरा आजही पावसात भिजत उभा आहे. त्याचे उरलेले तीन भाऊ परत बांधावेत असे कुणालाही वाटले असते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तसे केले नाही. ढिगारे हलवले, भिंतींची डोकी बंद केली, थडग्यांच्या शिळा जागेवर ठेवल्या आणि उत्खनन चालू ठेवले.

त्यातून काय निघाले ते पाहा. जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझ येथे शाह अब्बासच्या हुकमाने मारली गेली. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यांतले काही गोव्याच्या मठात आणून ठेवले. जुन्या पोर्तुगीज कागदांत त्यांची जागा लिहिलेली होती: मठातल्या सभादालनाजवळच्या खिडकीपाशी, दगडी पेटीत. पण ती खिडकी कुठली, हे पडक्या जोत्यांची नीट मांडणी झाल्याशिवाय कळणार नव्हते. २००४ मध्ये सर्वेक्षणाच्या उत्खननात हाडांचे अवशेष हाती आले, हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने डीएनए तपासला, आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की हा वंशक्रम भारतीय नमुन्यांत सापडत नाही, जॉर्जियाशी जुळतो. २०२१ च्या जुलैमध्ये भारताने त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला सुपूर्द केला. तिथे केतेवान संत मानली जाते आणि हजारो माणसे दर्शनाला आली. त्या टेकडीवर विसाव्या शतकात कुणी हौसेने नवे चर्च उठवले असते, तर राणीची खिडकी नव्या फरशीखाली गेली असती.

याच जुन्या गोव्यात उलटा धडाही आहे आणि तो लपवून चालणार नाही. बॉम जीझस बॅसिलिकेच्या भिंतींवर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढला गेला, वास्तू अधिक प्राचीन दिसावी म्हणून. तेव्हापासून उघडा पडलेला जांभा दरवर्षी पावसात झिजतो आहे आणि गिलावा परत द्यावा की नाही यावर वाद चालू आहे. म्हणजे जुनेपणाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून वास्तूला हात लावणे हे नवेपणाचे चित्र डोळ्यांपुढे ठेवण्याइतकेच घातक असते. म्हणून मी पडझडीची बाजू घेत नाही. सौंदर्य म्हणून गवत वाढू देणे, मुळांना तट फोडू देणे, हे संवर्धन नव्हे. ती निव्वळ हेळसांड आहे. जे आहे ते टिकवण्यासाठी जेवढे करावे लागेल तेवढे सगळे करावे. जे नाही त्याची भर घालताना हात आखडावा.

पुणे शहरातच दोन वास्तू एकमेकींपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि दोघींचा निकाल समोर आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरला तो दिल्ली दरवाजा, तट आणि आतली जोती. कुणी त्यावर नवा सात मजली वाडा बांधला नाही. आज हजारी कारंज्याच्या कडेला उभा राहणारा माणूस उघड्या जोत्यांवरून दालनांचा पसारा मोजू शकतो आणि काय गेले हे त्याला कळते. लाल महालाची मूळ वास्तू राहिली नाही. सध्याची इमारत महानगरपालिकेने १९८० च्या दशकात उभारली. तिच्यामागची भावना आदराची होती आणि तिथे जाणारी मुले आदराने जातात, हे मान्य. पण शायिस्ताखानाने चाकण घेतल्यावर जिथे मुक्काम केला आणि १६६३ च्या एप्रिलमध्ये बोटे गमावली, त्या वाड्याची खिडकी कुठली, मुदपाकखाना कुठे, कुठली भिंत फोडून महाराज आत शिरले, यातले काहीही ही इमारत सांगू शकत नाही. कारण ती त्या रात्री नव्हती. ती स्मारक आहे, पुरावा नाही. चाकणला अजून पुरावा आहे.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की हा विचारच युरोपचा आहे. तर्काची सीमा सुरू होते तिथे जीर्णोद्धार थांबावा हे १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेचे तत्त्व. आपल्याकडे मात्र अहिल्याबाईंनी घाट आणि देवळे बांधली, लोक पिढ्यान्पिढ्या जीर्णोद्धार करत आले, चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीचे मंदिर सतराव्या शतकापासून वापरात आहे आणि लागेल तशी दुरुस्ती होत आली आहे. आक्षेपात तथ्य आहे, पण ते देवळापुरते. देवळात रोज पूजा होते, भाविकांना सावली लागते, गळके छत चालत नाही. वापर अखंड आहे म्हणून दुरुस्तीही अखंड आहे. संग्रामदुर्गाच्या आतले दामोदर विष्णूचे मंदिर याच न्यायाने सांभाळले पाहिजे. किल्ल्याचा मूळ वापर मात्र संपला. तिथे आता कुणी पहारा देत नाही. आपण त्याच्याकडे जातो ते काय घडले हे समजून घ्यायला, आणि त्या कामी आपली स्वतःची परंपरा व्हेनिसहून जुनी आणि कडक आहे. इतिहासकार राजवाड्यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले, आणि या लोकांनी अस्सल कागदाचा आग्रह धरला. पत्र वाळवीने खाल्लेले असेल तर संपादकाने तिथे जागा मोकळी सोडली. आपल्या मनाने मजकूर भरून तो महाराजांच्या नावावर खपवला नाही. तसे कुणी केले तर आपण त्याला बनावट कागद म्हणतो. दगडाला वेगळा न्याय का?

दुसरा आक्षेप अभिमानाचा. पडका बुरुज पाहून मुलांना काय स्फूर्ती मिळणार, असे विचारले जाते. मला वाटते, चाकणला तर पडका बुरुजच बोलतो. त्या कोपऱ्यात सुरुंगाची दिशा, फुटलेल्या तटाची रुंदी आणि आतल्या बांधाची जागा जमिनीवर आखून दाखवली, तर १४ ऑगस्टच्या दुपारी तिथे उभे राहण्याला किती छाती लागली असेल हे दहा वर्षांच्या मुलालाही उमजेल. गुळगुळीत नव्या बुरुजापुढे ते फोटो काढेल आणि निघून जाईल. ज्या फिरंगोजीने फुटलेला तट लढवला, त्याचा तट आपण न फुटलेला करून दाखवणे हा त्याचा गौरव ठरत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, कारण तो जमिनीचा आहे. चाकणमध्ये जागेला सोन्याचा भाव आहे. मोकळी, पडकी जागा दिसली की तिच्यावर डोळा पडतो. तट उभा केला तरच किल्ला वाचेल, अशी अनेकांची धारणा आहे आणि ती अनुभवातून आलेली आहे. पण यावरचा उपाय मोजणी, सातबाऱ्यावरची नोंद, कुंपण आणि पहारेकरी हा आहे. खोटा तट अतिक्रमण रोखतोच असे नाही. उलट एकदा आतला अस्सल अवशेष गेला की उरलेल्या जागेसाठी भांडायला आधारच राहत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत चाकणपासून फार दूर नसलेले शिवनेरी आणि लोहगड आहेत, गिरिदुर्ग आहेत, सागरी किनाऱ्याचे आणि बेटांवरचे किल्ले आहेत. सपाट मुलखातला भुईकोट एकही नाही. मराठ्यांनी मैदानात तट कसा लढवला हे सांगणाऱ्या वास्तू थोड्या उरल्या आहेत. त्यांच्या अस्सलपणाला म्हणूनच अधिक जपायला हवे.

नव्या कामाचा स्पर्शही नको, असे मात्र मी म्हणत नाही. लोंबकळणाऱ्या भागाला खालून आधार लागतो, तटाच्या माथ्यावर पाणी वाहून जाईल असा थर द्यावाच लागतो. अशी भर घालताना जुने आणि नवे वेगळे ओळखू यावे, हे स्पेनच्या १९८५ च्या वारसा कायद्याने थेट लिहून ठेवले आहे. मूळचे तुकडे असल्याशिवाय पुनर्बांधणी करू नये, असेही तो कायदा म्हणतो. काडिझ प्रांतातल्या मात्रेरा किल्ल्याच्या मनोऱ्याचा भाग २०१३ मध्ये कोसळला, तेव्हा वास्तुविशारदाने उरलेल्या जुन्या दगडांभोवती पांढऱ्या गुळगुळीत भिंती उभारल्या. कायदा पाळला गेला, बक्षीसही मिळाले, पण लोक चिडले. त्यांचे चिडणे मला समजते. भर ओळखू यावी, तिने ओरडू नये. नवा दगड बोटभर आत बसवला, त्याच्या पाठीवर साल कोरले, एवढे पुरते. आणि सिमेंट टाळले पाहिजे. ते कडक असते, ओल बाहेर पडू देत नाही. भिंतीत अडकलेले पाणी मग मऊ जुनी वीट आणि चुना यांतून वाट काढते, क्षार फुलतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चुना विरवून, घाण्यात वाळूसकट मळून, त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी घालून केलेला माल हळू घट्ट होतो, पण भिंतीबरोबर श्वास घेतो. हे काम जाणणारे गवंडी महाराष्ट्रात अजून आहेत. त्यांना सलग काम मिळत नाही, ही अडचण आहे. निधीचा एक हप्ता येतो, काम सुरू होते, दोन पावसाळे जातात, अर्धवट उघडे केलेले सांधे पुन्हा पाण्याने भरतात.

पैशाची सबब चाकणने तरी सांगू नये. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे आहेत, आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तूंच्या संवर्धनाचा स्पष्ट उल्लेख आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या वाहनउद्योगाच्या पट्ट्यांपैकी एक या तटाभोवती पसरला आहे. पण कंपन्यांचा पैसा आला की फलक लावण्याजोगे, डोळ्यांत भरणारे काही तरी हवे असते, आणि बुरुज बांधण्याचा मोह तिथेच सुरू होतो. म्हणून पैसा येण्याआधी क्रम ठरला पाहिजे. आधी हद्दीची मोजणी, मग पाण्याचा निचरा आणि मुळांचा बंदोबस्त, मग उत्खनन, मग त्याचा अहवाल आणि माहितीफलक मराठीत आणि हिंदीत, कारण इथला बराचसा कामगार बाहेरून आलेला आहे आणि हा इतिहास त्यालाही सांगायचा आहे. चाकणच्या नागरिकांनी नगरपरिषदेकडे आणि पुरातत्त्व विभागाकडे एवढी एक मागणी लेखी करावी: ईशान्य कोपऱ्याचे शास्त्रशुद्ध उत्खनन होऊन त्याचा अहवाल छापला जाईपर्यंत तिथे एकही नवा दगड बसवू नये.